जीमेल सेटिंग्ज

जीमेल सेटिंग्ज म्हणजे गूगलच्या जीमेल या महाजालावरील ईमेल सेवेत खातेदाराला आपल्या पसंतीनुसार बदलता येणाऱ्या पर्यायांचा संच होय. खात्याचे दर्शनी रूप, भाषा, पत्रांची वर्गवारी, उत्तरे पाठवण्याची रीत आणि खात्यातील पत्रे आणखी कोणाकडे जावीत, हे सर्व येथून ठरते. संगणकावर न्याहाळकातून जीमेल उघडल्यास उजवीकडे वरच्या कोपऱ्यात दातेरी चाकाचे चिन्ह दिसते. त्यावर टिचकी मारल्यावर प्रथम मोजक्या पर्यायांची पट्टी उघडते व तिच्यातून सर्व सेटिंग्जच्या पानावर जाता येते. मोबाईलवरील ॲपमध्ये यांपैकी काहीच पर्याय उपलब्ध असतात. पत्रे आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची व्यवस्था करण्यासाठी किंवा ती तपासण्यासाठी संगणकावरील आवृत्तीच उघडावी लागते.

या पानावर निरुपद्रवी आणि अत्यंत नाजूक पर्याय एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारीशेजारी मांडलेले असतात. पानावर किती पत्रे दिसावीत हा पर्याय चुकला तर काहीही बिघडत नाही. पत्रे पुढे पाठवण्याचा पर्याय चुकीच्या हाती पडला तर सगळा पत्रव्यवहार परक्याकडे जाऊ शकतो.

पार्श्वभूमी

सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी १९९६ साली सुरू केलेल्या हॉटमेलमुळे कोणत्याही संगणकावरून, केवळ न्याहाळकाच्या साहाय्याने ईमेल वाचण्याची पद्धत रूढ झाली. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलची घोषणा झाली, तेव्हा हॉटमेलवर विनामूल्य खात्यास २ मेगाबाइट व याहूवर ४ मेगाबाइट जागा मिळत असे. जीमेलने १ गिगाबाइट देऊ केली. प्रारंभी खाते केवळ निमंत्रणावरून मिळे. फेब्रुवारी २००७ पासून ते सर्वांस खुले झाले.

जागेच्या या वाढीने सेटिंग्जचे स्वरूपही बदलले. पत्रे पुसून जागा करण्याची निकड उरली नाही आणि साठत जाणाऱ्या हजारो पत्रांतून हवे ते सापडावे, हा मुख्य प्रश्न झाला. त्यामुळे जीमेलने फोल्डरऐवजी लेबल ही कल्पना स्वीकारली. फोल्डरमध्ये पत्र एकाच जागी राहते. लेबले मात्र एका पत्रास कितीही लावता येतात. वीजबिलाच्या पत्राला ‘घर’ व ‘आयकर’ अशी दोन्ही लेबले लावली, तर ते दोन्हीकडे सापडते.

भाषा व दर्शनी रूप

जीमेलचे मेनू मराठीत पाहता येतात. भाषेची ही निवड केवळ मेनू, बटणे व सूचना यांना लागू होते. आलेली पत्रे ज्या भाषेत असतील त्याच भाषेत राहतात. देवनागरीत लिहिण्यासाठी निवेश साधनांचा पर्याय वेगळा सुरू करावा लागतो. त्यात रोमन अक्षरांत उच्चारानुसार टंकलेला मराठी शब्द देवनागरीत उमटतो. ऑगस्ट २०१४ पासून रोमनेतर लिपींतील ईमेल पत्त्यांशी जीमेलवरून पत्रव्यवहार करता येतो; जीमेलचा स्वतःचा पत्ता मात्र रोमन अक्षरांतच घ्यावा लागतो.

एकाच विषयावरील पत्रे व उत्तरे एकत्र दाखवणारी संभाषण-मांडणी बंद करता येते. प्रत्येक पत्र सुटे पाहण्याची सवय असलेल्या कार्यालयीन वापरकर्त्यांकडून ती मागणी होत होती आणि २०१० साली तो पर्याय देण्यात आला.

पत्र पाठवण्याविषयीची सेटिंग्ज

‘पाठवणे रद्द करा’ ही सोय मार्च २००९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली व जून २०१५ मध्ये नियमित सेटिंग्जमध्ये समाविष्ट झाली. ५, १०, २० किंवा ३० सेकंदांचा अवधी निवडता येतो. पोहोचलेले पत्र परत आणण्याची ही युक्ती नव्हे. तेवढा वेळ पत्र गूगलकडेच रोखून धरलेले असते. मूळ निवड ५ सेकंदांची असते. ती वाढवून ३० केल्याने पत्र अर्ध्या मिनिटाने उशिरा जाते, एवढाच फरक पडतो, आणि चुकीच्या व्यक्तीचे नाव लक्षात येण्यास ५ सेकंद बहुधा अपुरे पडतात. साध्या उत्तराऐवजी ‘सर्वांना उत्तर’ हा पर्याय मूळ म्हणून ठेवता येतो. मोठ्या गटांत वावरणाऱ्यांनी तो न निवडलेलाच बरा.

रजेच्या काळात आपोआप जाणारे उत्तर पहिल्या दिवशी मध्यरात्रीपासून शेवटच्या दिवशी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत चालू राहते. त्याच व्यक्तीने पुन्हा लिहिल्यास चार दिवस उलटल्यावरच तिला दुसऱ्यांदा उत्तर जाते. हे उत्तर केवळ आपल्या संपर्कयादीतील लोकांनाच जावे असा उपपर्याय आहे. तो न निवडल्यास आपण गावी नाही ही वार्ता अनोळखी प्रेषकांनाही कळते.

फिल्टर

प्रेषक, विषय, पत्रातील शब्द किंवा जोडलेली फाइल अशा अटी घालून येणाऱ्या पत्राचे काय करावे, हे फिल्टरने ठरवता येते. पत्राला लेबल लावणे, ते वाचलेले म्हणून नोंदवणे, इनबॉक्स टाळून संग्रहात टाकणे, पुसणे, तसेच दुसऱ्या पत्त्यावर पाठवणे ही कामे फिल्टर करतो. आधीच्या पत्रांनाही तो लागू करता येतो; मात्र पुढे पाठवण्याची क्रिया नव्या पत्रांनाच लागू होते. पुसलेली पत्रे ३० दिवस कचरापेटीत राहतात.

मे २०१३ मध्ये प्रमुख, सामाजिक, जाहिराती, अपडेट व फोरम अशी इनबॉक्सची विभागणी आली. तिच्यात वर्गवारी जीमेल स्वतः करते. त्यामुळे महत्त्वाचे पत्र जाहिरातींच्या रकान्यात जाऊन पडण्याची शक्यता राहते. हे रकाने बंद करता येतात.

पत्रे पुढे पाठवणे आणि प्रातिनिधिक प्रवेश

खात्यात येणारे प्रत्येक नवे पत्र आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जावे, अशी व्यवस्था करता येते. त्यासाठी त्या पत्त्यावर गेलेल्या पुष्टीपत्राला होकार मिळावा लागतो. ही पुष्टी पत्रे स्वीकारणाऱ्या पत्त्याकडून घेतली जाते. म्हणून दोन्हीकडे एकाच व्यक्तीचा ताबा असेल तर ही पायरी अडथळा ठरत नाही. मूळ पत्र इनबॉक्समध्ये ठेवावे, वाचलेले म्हणून नोंदवावे, संग्रहात टाकावे की पुसावे, हेही तेथेच निवडता येते. याखेरीज पीओपी व आयमॅप या पद्धतींनी अन्य प्रणालींत पत्रे उतरवून घेता येतात. प्रातिनिधिक प्रवेशाने दुसऱ्या खातेदारास आपली पत्रे वाचण्याची, पाठवण्याची व पुसण्याची मुभा देता येते. असा प्रतिनिधी स्वतःच्याच परवलीच्या शब्दाने प्रवेश करतो.

येथेच या सोयींचा धोका दडलेला आहे. परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, बदलला तरी पुढे पाठवण्याची व्यवस्था, फिल्टर आणि नेमलेले प्रतिनिधी जसेच्या तसे राहतात. खात्यात एकदाच शिरलेल्या व्यक्तीने ‘बँक’ हा शब्द असलेली पत्रे आपल्याकडे वळवून लगेच पुसणारा फिल्टर तयार केला, तर खातेदाराला इनबॉक्समध्ये काहीच वावगे दिसत नाही. पत्र आलेच नाही असे त्याला वाटते.

सप्टेंबर २००७ मध्ये जीमेलमधील एक दोष उघडकीस आला. जीमेल चालू असताना खातेदाराने सापळा रचलेले दुसरे संकेतस्थळ उघडल्यास त्याच्या नकळत खात्यात फिल्टर तयार करता येत होता. गूगलने हा दोष दूर केला. १ जून २०११ रोजी गूगलने आणखी एक प्रकार जाहीर केला. अमेरिकेतील वरिष्ठ सरकारी अधिकारी, चिनी राजकीय कार्यकर्ते, आशियाई देशांतील, विशेषतः दक्षिण कोरियातील अधिकारी, लष्करी कर्मचारी व पत्रकार यांच्यासह शेकडो लोकांचे पासवर्ड फसवणुकीने मिळवून त्यांच्या पत्रव्यवहारावर पाळत ठेवण्याचा हा प्रयत्न होता. त्यासाठी पुढे पाठवण्याची व प्रातिनिधिक प्रवेशाची सेटिंग्ज बदलण्यात आल्याचे गूगलने म्हटले होते.

पुढे पाठवण्याची व्यवस्था नव्याने सुरू झाली की पहिला आठवडाभर जीमेल तशी सूचना दाखवते. त्यानंतर सूचना दिसत नाही. म्हणून खात्याविषयी संशय आल्यास पासवर्ड बदलल्यावर फिल्टरची यादी, पुढे पाठवण्याचे पत्ते, प्रतिनिधींची नावे आणि ‘या नावाने पत्र पाठवा’ या पर्यायातील पत्ते ओळीने तपासावे लागतात. जीमेलच्या पानाच्या तळाशी अलीकडील वापराचा तपशील मिळतो. जुलै २००८ पासून उपलब्ध असलेल्या या सोयीत प्रवेशाचा प्रकार, वेळ व आयपी पत्ता दिसतो व इतरत्र उघडे राहिलेले खाते तेथून बंद करता येते.

मूळ निवडींचे महत्त्व

बहुसंख्य खातेदार सेटिंग्जचे पान क्वचितच उघडतात. त्यामुळे सेवादात्याने आधीच करून ठेवलेली निवडच प्रत्यक्षात बहुतेकांची निवड ठरते. नेहमी एचटीटीपीएस हा सांकेतिक मार्ग वापरण्याचा पर्याय जुलै २००८ मध्ये देण्यात आला, पण तो खातेदाराने स्वतः निवडावा लागे. जानेवारी २०१० मध्ये गूगलने तो सर्वांसाठी मूळ निवड केला. डिसेंबर २०१३ पासून पत्रांतील चित्रे गूगलच्या सर्व्हरमार्फत आपोआप दाखवली जाऊ लागली. त्यामुळे प्रेषकाला वाचकाचा आयपी पत्ता कळत नाही. पत्र उघडले गेल्याचे मात्र कळू शकते. ते टाळण्यासाठी चित्रे दाखवण्यापूर्वी विचारण्याचा पर्याय आहे.

गूगल खात्याशी संबंधित सेटिंग्ज

पासवर्ड, फेब्रुवारी २०११ पासून सर्वसामान्य खातेदारांना मिळू लागलेली द्विस्तरीय पडताळणी आणि खाते परत मिळवण्यासाठीचा मोबाईल क्रमांक यांची व्यवस्था गूगल खात्याच्या स्वतंत्र पानावर असते. भारतात बंद झालेला मोबाईल क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. त्यामुळे जुना क्रमांक तसाच राहिल्यास खात्याची किल्ली अनोळखी व्यक्तीच्या फोनवर जाऊ शकते.

एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेल्या निष्क्रिय खाते व्यवस्थापकात ३ ते १८ महिन्यांची मुदत निवडता येते. तेवढा काळ खाते वापरले न गेल्यास निवडलेल्या व्यक्तींना कळवले जाते व खातेदाराने तशी मुभा दिली असल्यास पत्रेही त्यांना उपलब्ध होतात. ही सोय न निवडणाऱ्यांच्या बाबतीत गूगलचे सर्वसाधारण धोरण लागू होते. त्यानुसार दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून पुसण्यास पात्र ठरतात.