जॉन वेस्ली आणि जानेवारीचा करार

जानेवारीतलं व्याख्यान असलं की बोलणं नव्या वर्षाच्या संकल्पांवर येतंच. नवी डायरी, पहाटेचं फिरणं, रोज एक अध्याय वाचायचा निश्चय. यांतलं फेब्रुवारीपर्यंत काय उरतं ते आपण सगळेच जाणतो, त्यामुळे त्यावर मी जास्त बोलत नाही. आज बोलायचं आहे ते जॉन वेस्लीबद्दल. या माणसाचं आयुष्य एका संध्याकाळी बदललं असं सगळे सांगतात, आणि सात महिन्यांनी त्यानेच दैनंदिनीत लिहून ठेवलं की मी अजून ख्रिस्ती झालेलो नाही.

संध्याकाळ होती २४ मे १७३८ ची. लंडनमध्ये ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर एक छोटी प्रार्थनासभा भरली होती. रोमकरांस पत्राला मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना तिथे कुणीतरी वाचत होतं. वेस्ली तेव्हा ३४ वर्षांचा. ऑक्सफर्डचा विद्वान, दीक्षा घेतलेला पाळक, अमेरिकेतल्या जॉर्जियात जाऊन अपयश पदरी घेऊन परतलेला. पावणेनऊच्या सुमारास, तो सांगतो, हृदयात एक ऊब जाणवली आणि आपली पापं माफ झाली याची खात्री पटली. ही गोष्ट मेथडिस्ट घरांतल्या मुलांना पाठ असते.

पण गोष्ट इथेच थांबवली की घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, खरा विश्वास असाच येतो, घड्याळात वेळ बघून सांगता येईल असा. मग ज्यांना असा क्षण कधी आलाच नाही, ते आयुष्यभर मागच्या बाकावर बसून राहतात, आपण कमी प्रतीचे विश्वासणारे आहोत असं समजून.

आता पुढची जानेवारी बघा. १ जानेवारी १७३९. फेटर लेनच्या सभेत वेस्ली, त्याचा भाऊ चार्ल्स, जॉर्ज व्हाइटफील्ड आणि सुमारे ६० जण रात्रभर प्रार्थना करत होते. पहाटे तीनच्या सुमारास देवाचं सामर्थ्य असं उतरलं की काही जण जमिनीवर कोसळले, असं तो लिहितो. आणि ४ जानेवारीची नोंद? मित्र मला वेडा म्हणतात, कारण वर्षापूर्वी मी ख्रिस्ती नव्हतो असं मी म्हणालो. पण मी आजही ख्रिस्ती नाही. मग तो हिशेब मांडतो: देवावरचं प्रेम नाही, आनंद नाही, शांती नाही. त्या रात्रीला तीन दिवससुद्धा उलटले नव्हते! काही चरित्रकार ही नोंद घाईने ओलांडून जातात. मला ती सगळ्यात प्रामाणिक वाटते.

या अस्वस्थतेतून वेस्लीने पुढे काय केलं, तो खरा इतिहास आहे. आणि त्यातली सर्वांत मोठी गोष्ट निघाली कर्जातून.

ब्रिस्टलमध्ये सभागृह बांधलं होतं, त्याचं देणं डोक्यावर होतं. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचवलं की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, अहो, पुष्कळांना तेवढंही परवडत नाही. यावर फॉय म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. ज्यांना जमणार नाही त्यांचं मी भरीन. त्याप्रमाणे बारा-बारा जणांचे गट झाले आणि प्रत्येकावर एक प्रमुख नेमला. तो दर आठवड्याला घरोघर फिरायचा.

घरात शिरलं की घर दिसतंच. कुठे दारू, कुठे नवरा-बायकोची भांडणं. हे प्रमुख वेस्लीला येऊन सांगू लागले, आणि आपल्याला इतके दिवस हवं होतं ते हेच, असं त्याच्या लक्षात आलं. पैसे गोळा करण्याची सोय ही माणसाची विचारपूस करण्याची सोय झाली. पुढे दारोदार फिरण्याऐवजी सगळे एकत्र बसू लागले. त्याला नाव पडलं ‘क्लास’. दर आठवड्याला एकच प्रश्न: तुझ्या जिवाचं कसं चाललंय? उत्तर देणारा कोळसा खणणारा असो की मोलकरीण. काही क्लासांच्या प्रमुख बायका होत्या, हेही लक्षात ठेवा.

१७४६ च्या एका लेखनात वेस्ली घराची उपमा देतो. पश्चात्ताप ही ओसरी, विश्वास हे दार, आणि पावित्र्य हे खुद्द घर. दारातून आत यायला क्षण पुरतो, पण राहायचं तर घरातच ना?

आता नव्या वर्षाकडे. एक गंमत सांगतो. वेस्ली पन्नाशीला टेकेपर्यंत इंग्लंडचं सरकारी वर्ष १ जानेवारीला सुरू होतच नव्हतं, ते सुरू व्हायचं २५ मार्चला. आपल्या पाडव्याच्या आसपास म्हणा ना. लोक बोलताना १ जानेवारीला नवं वर्ष म्हणत, पण कायद्याने ते झालं १७५२ पासून. त्याच वर्षी सप्टेंबरमधले ११ दिवस गाळले गेले.

तीन वर्षांनी, ११ ऑगस्ट १७५५ रोजी, लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या फ्रेंच चर्चमध्ये वेस्लीने पहिली मोठी कराराची उपासना घेतली. शब्द त्याचे नव्हते. १६६२ मध्ये चर्चमधून बाहेर काढलेला प्युरिटन पाळक रिचर्ड अॅलिन, त्याच्या पुस्तकातला करार त्याने वाचून दाखवला. माझं जे काही आहे ते देवा, तुझं. काम दे किंवा बाजूला ठेव. असा त्याचा आशय. संमती म्हणून सुमारे १,८०० माणसं उभी राहिली. हे नवशिके नव्हते बरं का. बहुतेक जण वर्षानुवर्षं क्लासला येणारे.

हळूहळू ही उपासना वर्षारंभी स्थिरावली. १७८० मध्ये वेस्लीने तिची छोटी पुस्तिका काढली. अॅलिनचा सल्ला असा होता की घाई करू नका. आधी एकांतात बसा, स्वतःला तपासा, करार लिहून त्यावर सही करा आणि तो कागद जपून ठेवा. मोहाच्या वेळी तो बाहेर काढायचा. संकल्प आणि करार यांत मला फरक दिसतो तो इथे. संकल्प मोडला की आपण तो लपवतो. करार मोडला तरी दुसरा पक्ष उभाच असतो, म्हणून त्याच्याकडे परत जाता येतं.

मुंबईशीही याचा धागा आहे. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हा मेथडिस्ट प्रचारक इथे आला आणि त्याने घराघरांत असेच क्लास बसवले. १८४८ पासून मुंबईत राहिलेले, साधेपणासाठी प्रसिद्ध असलेले जॉर्ज बोवेन त्याला येऊन मिळाले. अपोलो बंदराजवळचं बोवेन मेमोरियल चर्च तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

वेस्ली मार्च १७९१ मध्ये, ८७ व्या वर्षी वारला. कराराची उपासना त्याने म्हातारपणापर्यंत घेतली, त्याच लोकांबरोबर, तेच शब्द म्हणत. आजही पुष्कळ मेथडिस्ट मंडळ्यांत ती जानेवारीच्या पहिल्या रविवारी होते. गेल्या वर्षी उभे राहिलेलेच पुन्हा उभे राहतात. कुणी विचारत नाही की मागच्या वेळचं काय झालं.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.