डेबिट कार्डातून पैसे गेले तर : पहिला तास, तीन दिवस, नव्वद दिवस

आपण न केलेल्या व्यवहाराचा एसएमएस आला की बहुतेक जण आधी घरच्यांना सांगतात, मग एखाद्या मित्राला विचारतात आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जातात. तिथे ठरलेले उत्तर मिळते : "तुम्हीच कुणाला तरी ओटीपी दिला असेल." यावर काय बोलायचे हे ठाऊक नसल्याने माणूस हात हलवत परत येतो. शिष्यवृत्ती, स्वाधार, निराधार योजनेचे अनुदान, बिगारीची मजुरी याच खात्यांत येते. खाते रिकामे झाले की विद्यार्थ्याची खानावळ थांबते आणि म्हातारीचे औषध थांबते. म्हणून पुढचे नियम प्रत्येक वस्तीतल्या दोन-चार कार्यकर्त्यांना तरी तोंडपाठ असावेत, असे आम्हाला वाटते.

पहिला तास

सर्वांत आधी कार्ड बंद करा. बँकेच्या अॅपमधून होते, ग्राहक सेवेला फोन करूनही होते. तो क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो. पण कार्डच चोरीला गेले तर तो मिळणार कुठून? आजच वहीत उतरवून ठेवा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या "कस्टमर केअर" क्रमांकावर फोन करू नका, त्यांतले कित्येक भामट्यांनीच टाकलेले असतात. फोनवर तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.

लगेच 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. घाई कशासाठी, तर चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवली जाते. 1930 वर नोंद झाली की संबंधित बँकांना सूचना जाते आणि वाटेत जिथे रक्कम शिल्लक असेल तिथे ती रोखून धरता येते. एकदा एटीएममधून रोख काढली गेली की रोखायला काही उरत नाही. फोन करताना खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि एसएमएसमधला संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तीच तक्रार पूर्ण भरा. एसएमएस डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या.

मोबाइल आणि कार्ड एकत्र चोरीला गेले असेल तर सिमही तातडीने बंद करा. कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि त्या सिमवर येणारा ओटीपी एवढ्यावर नवा यूपीआय पिन तयार करता येतो.

नियम काय म्हणतो

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी एक परिपत्रक काढले. ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात नुकसान कोणी सोसायचे, हे त्यात ठरवून दिले आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक निघाले.

चूक बँकेची असेल तर ग्राहकाने एक रुपयाही सोसायचा नाही, त्याने तक्रार केलेली असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्या यंत्रणेतली असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरीही ग्राहकाची जबाबदारी शून्य. संदेश आला तो दिवस मोजायचा नाही, शाखेच्या सुट्ट्याही नाहीत. चार ते सात दिवसांत कळवले तर मूलभूत बचत खात्यावर, म्हणजे जनधनसारख्या शून्य शिल्लक खात्यावर, जास्तीत जास्त 5,000 रुपयांचा आणि साध्या बचत खात्यावर 10,000 रुपयांचा भार ग्राहकावर येतो; व्यवहाराची रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढाच. सात दिवसांनंतर मात्र बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. ते धोरण शाखेत मागून घ्या.

आणि ओटीपी किंवा पिन खरोखरच दिला असेल तर? तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून आपली चूक झाली असली तरी लाजून घरी बसायचे नाही.

या परिपत्रकातली सगळ्यात मोलाची ओळ कार्यकर्त्यांनी अधोरेखित करून ठेवावी : ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. "ओटीपी दिला असेल" हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. शिवाय कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि 90 दिवसांत प्रकरणाचा निकाल लावायचा असतो.

चूक दरवेळी खातेदाराचीच असते, हा समज खोडायला पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण पुरेसे आहे. ऑगस्ट 2018 मध्ये हॅकरांनी त्या बँकेची यंत्रणा भेदली, बनावट डेबिट कार्डे वापरून 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले, आणि काही रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवली. एकूण 94 कोटी रुपयांहून अधिक गेले. त्यात एकाही खातेदाराने कुणाला ओटीपी सांगितला नव्हता.

एक सावधगिरी. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, रिझर्व्ह बँकेचे हे नियम आणि लोकपाल तिला लागू होत नाहीत.

अर्ज आणि पुढची पायरी

फोनवरच्या तक्रारीवर थांबू नका. शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. मजकूर लांबलचक नको : अमुक तारखेला अमुक वेळी इतक्या रकमेचा व्यवहार झाला, तो मी केलेला नाही, पिन वा ओटीपी कुणाला दिलेला नाही (हे खरे असेल तरच लिहा), अमुक वेळी कार्ड बंद केले, तक्रार क्रमांक हा, 1930 चा क्रमांक हा, 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार रक्कम 10 कामकाजाच्या दिवसांत जमा करावी. सहकारी बँक असेल तर तिच्यासाठीच्या डिसेंबर 2017 च्या परिपत्रकाचा उल्लेख करा. पैसे एटीएममधून गेले असतील तर त्या एटीएमचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणीही त्याच अर्जात करा, कारण ते काही काळाने पुसले जाते.

पोलीस ठाण्यात "आमची हद्द नाही" असे सांगितले जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 318, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 सी आणि तोतयेगिरीने फसवल्याबद्दल 66 डी लागू शकते.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन किंवा टपालाने तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

वस्तीतला माणूस शाखेत एकटा गेला आणि त्याच्यासोबत अर्ज घेऊन कुणी गेले, यात किती फरक पडतो ते कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

भाड्याचे खाते

फसवणुकीची दुसरी बाजू जास्त काळजीची आहे, कारण तिथे आपली मुले आरोपी होतात. वसतिगृहात, अभ्यासिकेत, नोकरीच्या शोधात असलेल्या मुलांना कुणीतरी गाठतो : "तुझे खाते वापरायला दे, कमिशन देतो." पासबुक, एटीएम कार्ड, पिन आणि त्या खात्याला जोडलेले सिम घेऊन जातो. दुसऱ्या राज्यातल्या कुणाचे तरी चोरलेले पैसे त्या खात्यातून फिरतात आणि कार्डाने रोख काढली जाते. पोलिसांना मात्र सापडतो तो खातेदार. खाते गोठवले जाते, त्यात अडकलेली शिष्यवृत्तीही हाती येत नाही, गुन्हा नोंदला गेला तर सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो उभा राहतो. "मला माहीत नव्हते" हे पटवून देण्यात वर्षे जातात. मुलाने आधीच कार्ड दिले असेल तर ते लगेच बंद करावे, बँकेला लेखी कळवावे आणि नोटिशीची वाट न पाहता वकिलाला भेटावे.

आधीच काय करावे

ऑक्टोबर 2020 पासून कार्डावरील ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता येतात. परदेशी व्यवहार बंदच ठेवा. बाहेरच्या देशांतल्या अनेक संकेतस्थळांवर ओटीपी विचारतच नाहीत. एटीएमची रोजची मर्यादा गरजेपुरती खाली आणा. शिष्यवृत्ती किंवा पेन्शनचे खाते वेगळे ठेवा आणि बाजारहाटासाठी थोडी रक्कम दुसऱ्या खात्यात वळवा. सिम बदलले की बँकेत क्रमांक बदला, नाहीतर संदेश जुन्या क्रमांकावर जात राहतो आणि चोरी महिन्याने कळते.

एटीएममध्ये "मदत" करणाऱ्याच्या हाती कार्ड देऊ नका. तो तसेच दिसणारे दुसरे कार्ड परत देतो आणि पिन त्याने आधीच पाहिलेला असतो. घरातल्या वृद्धांचे कार्ड पाकिटावर पिन लिहून शेजारच्या मुलाकडे दिलेले असते. विश्वास ठीक, पण बँकेच्या लेखी तो निष्काळजीपणा ठरतो. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नका, तिच्यातून फोनवरचे ओटीपी वाचले जातात.

जयंती किंवा विहाराची वर्गणी एखाद्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यात ठेवण्याची पद्धत मोडली पाहिजे. कार्डातून पैसे गेले तर नुकसान समाजाचे आणि संशय त्या कार्यकर्त्यावर. मंडळाच्या नावाने, दोघांच्या सहीचे, डेबिट कार्ड न घेतलेले खाते उघडावे.

एटीएमने रोख दिली नाही पण खात्यातून रक्कम वजा झाली, हा प्रकार फसवणुकीचा नाही. तिथे 2019 चा वेगळा नियम आहे : व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला बँकेने 100 रुपये द्यायचे असतात. एटीएमची चिठ्ठी फेकू नका, चिठ्ठी आलीच नसेल तर एटीएमचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.