अपवादांची साक्ष

आमच्या गावाचं नाव चिखला. इथे राहणारा माणूस 'चिखल्यात राहतो' म्हणतो. 'चिखलात राहतो' म्हटलं तर ऐकणारा आधी त्याच्या पायांकडे बघेल! प्रत्यय दोन्हीकडे एकच, 'त'. फरक आहे तो त्याआधीच्या रूपात. यालाच आपण शाळेत सामान्यरूप म्हणतो.

अशी रूपं आली कुठून, हे मराठीच्या बाबतीत बरंचसं शोधता येतं, कारण लेखी पुरावा आहे. संस्कृत 'देवेन', प्राकृत 'देवेण', जुनी मराठी 'देवें' अशी तृतीयेची वाट स्पष्ट दिसते. श्रवणबेळगोळच्या शिलालेखात 'चावुण्डराजें' आहे, तीही तृतीयाच. आज आपण 'चावुंडराजाने' म्हणू. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मराठीची अशीच घडण उलगडली.

पण आपल्याच भागात बोलल्या जाणाऱ्या गोंडीचं काय? तिला इतके जुने शिलालेख नाहीत. मग तिच्या बहिणींना विचारावं लागतं. गोंडी द्राविड कुळातली, म्हणजे तमिळ आणि तेलुगू तिच्या बहिणी. या कुळाचं तौलनिक व्याकरण रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ सालीच लिहिलं होतं.

आता गंमत बघा. तमिळमध्ये 'नाडु' म्हणजे देश, 'नाट्टिल' म्हणजे देशात. तेलुगूतही 'नाडु', पण षष्ठीत 'नाटि'. गोंडीत 'नार' म्हणजे गाव आणि 'नाटे' म्हणजे गावात. तिन्हीकडे प्रथमेत मऊ झालेला वर्ण आणि पुढच्या विभक्तीत कठोर 'ट'. एवढ्या दूरच्या भाषांनी हीच खोड स्वतंत्रपणे लावून घेतली असेल, हे पटत नाही. म्हणून अभ्यासक म्हणतात की मूळ द्राविड भाषेत प्रथमेला एकेरी 'ट' होता आणि पुढच्या विभक्त्यांत दुहेरी 'ट्ट'. अशा अनुमानाने उभ्या केलेल्या रूपाआधी ते तारांकन करतात. याचा अर्थ, हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेतून काढलेलं आहे.

यातून एक गोष्ट कळते. सरळ, नियमित रूपं फारसं काही सांगत नाहीत, ती कोणत्याही पिढीत नव्याने तयार होऊ शकतात. खरी साक्ष देतात ते अपवाद. आणि भाषा घरात कमी बोलली जाऊ लागली की आधी गळतात तेही अपवादच. मूल सोपा नियम सगळीकडे लावतं आणि 'नाटे'सारखं रूप आजीपाशीच राहतं.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख लोक होते. आठव्या अनुसूचीत मात्र गोंडी अजूनही नाही. शिवाय त्या आकड्यावरून किती घरांत अजून 'नाटे' म्हणतात, ते कळत नाही. मराठीचं एखादं रूप बोलण्यातून गेलं तरी दगडावर किंवा पोथीत सापडतं. गोंडीचा शिलालेख म्हणजे बोलणारं माणूसच. तेव्हा शेजारी कुणी गोंडी बोलणारी आजी असेल, तर तिला 'गावात', 'घरात', 'झाडावर' कसं म्हणतात ते विचारा, आणि वहीत उतरवून ठेवा.