हृदयाच्या ठोक्यांची गोळी नेमकं काय करते? मनानं बंद का करू नये?

कोल्हापूर : छातीत धडधड वाढली म्हणून दवाखान्यात गेलं, ईसीजी काढला, 'ठोके अनियमित आहेत' असं सांगून डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. पंधरा दिवसांत बरं वाटलं की गोळी बंद! आपल्याकडं हे नेहमी दिसतं. ही गोळी शरीरात काय करते, ते समजून घेऊया.

ठोका पडतो कसा?

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा लहानसा पुंजका असतो. माणूस निवांत असताना तो मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची लहर सोडतो. ही लहर वरच्या कप्प्यांतून मधल्या गाठीपाशी येते, क्षणभर थांबते आणि मग खालच्या मोठ्या कप्प्यांत उतरते. ही वीज क्षारांची असते. सोडियम, कॅल्शियम पेशीत शिरलं की ठोका पडतो, पोटॅशियम बाहेर गेलं की पेशी विसावा घेते.

एट्रियल फिब्रिलेशन या आजारात वरचे कप्पे मिनिटाला ३५० पेक्षाही जास्त वेळा नुसते थरथरतात. त्यातल्या बऱ्याच लहरी खाली उतरतात आणि नाडी वेडीवाकडी पळते.

गोळ्या दोन तऱ्हेच्या

पहिली तऱ्हा आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यासारखी. बरगे घातले की वरून पाणी कितीही आलं तरी खाली बेतानंच जातं. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, वेरापामिल, डिगॉक्सिन ही औषधं मधल्या गाठीवर असेच बरगे घालतात. मेटोप्रोलॉल ॲड्रेनलिनचा जोर अडवतं, डिल्टियाझेम आणि वेरापामिल कॅल्शियमची वाट अरुंद करतात. वरची थरथर तशीच राहते, पण खालचे ठोके आवाक्यात येतात. म्हणून बरं वाटतं. बरगे काढले की पाणी परत सुटणारच!

दुसरी तऱ्हा मूळ ताल सांभाळणारी. फ्लेकेनाइड सोडियमची वाट अडवून लहर मंद करतं. अमिओडेरॉन पोटॅशियमची वाट अडवून पेशीचा विसावा लांबवतं, त्यामुळं भलतीच लहर पेशीला लगेच पुन्हा चेतवू शकत नाही.

थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं. ती गाठ मेंदूत गेली तर लकवा मारतो. म्हणून बऱ्याच रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी गोळी वेगळी देतात. धडधड थांबली म्हणून तीही सोडू नये.

शेजाऱ्याची गोळी घेऊ नका

ताल सुधारणारं औषध चुकीच्या माणसाला ताल बिघडवू शकतं. १९८९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांत फ्लेकेनाइड घेणाऱ्यांचे मृत्यू वाढलेले दिसले आणि त्यांचं ते औषध थांबवावं लागलं.

डिगॉक्सिनची गोष्ट तर आपल्या बांधावरची. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं १७८५ साली डिजिटॅलिस या झाडाच्या औषधावर पुस्तक लिहिलं. डिगॉक्सिन त्याच जातीच्या झाडातून मिळतं. तशाच गुणाची विषारी द्रव्यं आपल्या कण्हेरीत आणि पिवळ्या कण्हेरीत (बिट्टीत) असतात. औषध आणि विष यांत फरक मात्रेचा. झाडपाला म्हणून कण्हेर पोटात घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

हे लक्षात ठेवा

- मेटोप्रोलॉल एकदम बंद केलं तर धडधड आणि छातीत दुखणं उसळू शकतं. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मधुमेह असेल तर साखर उतरल्याची धडधड या गोळीनं जाणवत नाही.
- डिगॉक्सिन चालू असताना मळमळ, उलट्या, नजरेला पिवळसर दिसणं सुरू झालं तर लगेच दाखवा. जुलाबानं पोटॅशियम कमी झालं की धोका वाढतो.
- अमिओडेरॉन घेणाऱ्यांनी रानात काम करताना अंग झाकावं, कातडीला ऊन बाधतं. थायरॉइड आणि लिव्हर वेळोवेळी तपासून घ्यावं. नवीन खोकला, दम लागला तर दाखवावं.
- वॉरफरिन असेल तर रक्ताची तपासणी चुकवू नका. मेथी, पालक रोजच्या बेतानं खा. एकदम वाढवू किंवा सोडू नका.
- एक वेळ चुकली म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका.
- चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असं झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

गोळ्यांची पाकिटं आणि जुने ईसीजी एकाच पिशवीत ठेवा. कुठल्याही दवाखान्यात जाताना, दाढ काढायला जातानासुद्धा, ती पिशवी बरोबर न्या. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.