राष्ट्रीय संघ म्हणजे नेमका कोणाचा संघ? : मकाऊ, २००४

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करतो. वेस्ट इंडीज नावाचा देश नकाशावर कुठे आहे? कुठेच नाही. तरी आपण लहानपणापासून त्यांच्या संघाला देश समजूनच क्रिकेट बघत आलो. म्हणजे खेळातला देश आणि नकाशावरचा देश एकच असतो, असं नाही. मग खेळातला देश ठरवतं कोण? याचं उत्तर आज रोलर हॉकीच्या इतिहासात शोधू.

हा खेळ चाकांच्या स्केट्सवर खेळतात. गोलरक्षक धरून एका बाजूला पाच खेळाडू, हातात आखूड वाकडी स्टिक आणि कडक चेंडू. पहिली जागतिक स्पर्धा १९३६ साली जर्मनीत, श्टुटगार्टला झाली आणि इंग्लंडने जिंकली. महायुद्धानंतर चित्र पालटलं. १९४७ साली लिस्बनमध्ये पोर्तुगाल जिंकलं, १९५१ साली बार्सिलोनात स्पेन.

आता हे बार्सिलोना लक्षात ठेवा. ती कॅटलोनियाची राजधानी. त्या वेळी स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही होती, कॅटलन भाषेला शाळेत आणि सरकारी कारभारात थारा नव्हता. रोलर हॉकी मात्र त्याच प्रदेशात गावोगावी रुजली. रेउस या गावाच्या क्लबने १९६७ ते १९७२ सलग सहा वेळा युरोपियन कप जिंकला! साहजिकच स्पेनच्या राष्ट्रीय संघात भरणा कॅटलन खेळाडूंचा. खेळ यांचा, नाव स्पेनचं, अशी भावना तिथे होती.

मार्च २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय रोलर क्रीडा महासंघाने कॅटलोनियाला तात्पुरतं सभासदत्व दिलं. ऑक्टोबरात मकाऊला 'ब' गटाची जागतिक स्पर्धा होती. कॅटलोनियाचा संघ स्वतःच्या झेंड्याखाली तिथे उतरला आणि अंतिम सामन्यात इंग्लंडला ६-० हरवून जिंकलासुद्धा. पुढच्या वर्षी अमेरिकेत सॅन होजेला 'अ' गटाची स्पर्धा होणार होती. तिथे स्पेन विरुद्ध कॅटलोनिया अशी लढत होऊ शकली असती.

पण ती झालीच नाही. नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात महासंघाची सर्वसाधारण सभा भरली. कायम सभासदत्वाचा ठराव मताला टाकला. बाजूने ८ मतं, विरोधात ११४! प्रकरण पुढे क्रीडा लवादापर्यंत गेलं, पण सॅन होजेला कॅटलोनिया खेळलं नाही. जगज्जेतं झालं ते स्पेन.

स्पेनची बाजूही समजून घेऊ. त्यांचा महासंघ आधीपासून सभासद होता. त्याच देशातला एक प्रदेश वेगळा झाला, तर बरेचसे उत्तम खेळाडू एका झटक्यात समोरच्या बाजूला जाणार. शिवाय आज हॉकीत मान्यता दिली, तर उद्या इतर खेळांत आणि परवा राजकारणात तीच मागणी उभी राहील, ही भीती होतीच. म्हणून माद्रिदच्या सरकारनेही यात लक्ष घातलं होतं.

पण मंडळी, त्या अंतिम सामन्याकडे पुन्हा एकदा बघा. समोर इंग्लंड. इंग्लंड सार्वभौम राष्ट्र आहे का? नाही, ते युनायटेड किंग्डमचा एक भाग आहे. आणि यजमान मकाऊ? १९९९ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात, नंतर चीनचा एक विशेष प्रदेश. म्हणजे सामना खेळणारे दोघं आणि मैदान देणारा तिसरा, तिघांपैकी एकही स्वतंत्र राष्ट्र नाही! तरी दोघांच्या सभासदत्वाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, आणि तिसऱ्यासाठी मतदान झालं.

फरक कशात होता? इंग्लंड पहिल्या स्पर्धेपासून इंग्लंड म्हणूनच खेळत आलं होतं आणि लंडनला त्याची अडचण वाटत नव्हती. मकाऊच्या वेगळ्या संघाला बीजिंगची हरकत नव्हती. कॅटलोनियाला माद्रिदची हरकत होती. नियमाच्या पुस्तकापेक्षा हाच मुद्दा भारी ठरला.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या स्पर्धेत राष्ट्रगीत सुरू झालं, की एवढं आठवा: तिथे कोण उभं आहे हे खेळाडूंच्या कौशल्याने ठरतं, पण कोणाच्या नावाने उभं राहायचं हे बऱ्याचदा आधीच कुठल्यातरी सभागृहात ठरलेलं असतं.