ज्या डब्यात डीव्हीडी लागत नसे

कन्सोलसाठी घरच्यांचं मन वळवायचं असलं की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: हे नुसतं खेळणं नाही, यावर सिनेमे दिसतात, यूट्यूब चालतं, म्हणजे वस्तू साऱ्या घराची. या पूर्वपक्षाकडे पुरावा आहे आणि तो तगडा आहे. सोनीचं प्लेस्टेशन 2 मार्च 2000 मध्ये जपानात 39,800 येनला आलं. त्यात डीव्हीडी लागत होती, आणि वेगळे डीव्हीडी प्लेअर तेव्हा महाग होते. मुलांना खेळ, थोरांना सिनेमा, पैसे एकदाच. यंत्र पंधरा कोटींहून अधिक खपलं.

पण यातून सिद्ध काय होतं? प्लेअर महाग असताना स्वस्त प्लेअर खपतो, एवढंच. प्लेस्टेशन 3 ने 2006 मध्ये तोच डाव ब्लू-रेवर लावला. अमेरिकेतली किंमत 499 आणि 599 डॉलर. फेब्रुवारी 2008 मध्ये तोशिबाने ब्लू-रेच्या प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीचा नाद सोडला. तबकड्यांची लढाई सोनीने जिंकली, दिवाणखाना मात्र तोवर दुसऱ्याच कुणी जिंकला होता.

निन्टेन्डोच्या 'वी'ने. तेही 2006 चंच, 249 डॉलरचं. डबा केवढा असावा याचं माप अध्यक्ष सातोरु इवाता यांनी दिलं ते डीव्हीडीची दोन-तीन कव्हरं एकावर एक ठेवल्याएवढं; आणि गंमत अशी, की त्यात डीव्हीडी लागतच नसे! हातातल्या वस्तूला 'रिमोट'च म्हणायचं हा आग्रहही इवातांचा, कारण टीव्हीचा रिमोट घरातलं कुणीही उचलतं. इंग्रजी नावातले (Wii) दोन 'आय' म्हणजे शेजारीशेजारी उभी माणसं, असं कंपनीने सांगितलं होतं. अमेरिकेत सोबत 'वी स्पोर्ट्‌स' मिळे. त्यातल्या बोलिंगला हात मागे न्यायचा आणि पुढे झोकायचा. बटणांची बाराखडी न गिरवताही आजी नातवाला हरवू शके. ही यंत्रं दहा कोटींहून अधिक खपली, प्लेस्टेशन 3 पेक्षा जास्त. कुणी म्हणेल, पुढे त्यावरही नेटफ्लिक्स आलंच की. आलं, 2010 मध्ये. तोवर सातेक कोटी यंत्रं विकली गेली होती.

याउलट मायक्रोसॉफ्ट. 21 मे 2013 रोजी एक्सबॉक्स वन जगापुढे आला तो टीव्हीचं कौतुक करत. सेट-टॉप बॉक्सची वायर त्याच्यातून न्यायची आणि तोंडाने चॅनल बदलायचं. किंमत 499 डॉलर. प्लेस्टेशन 4 ची 399. आता न्यायाने बोलायचं तर विक्रीत एक्सबॉक्स वन मागे पडला त्याचं खापर एकट्या टीव्हीवर फोडता येणार नाही. जुन्या गेमच्या फेरविक्रीवरची बंधनं आणि रोज इंटरनेटला हजेरी लावण्याची अट यांनी गिऱ्हाईक आधीच बिथरलं होतं. त्या अटी महिन्याभरात मागे घ्याव्या लागल्या. पण एक पुरावा थेट आपल्या वादाचा आहे. एकाच पडद्यावर कडेला टीव्ही आणि बाकी जागेत खेळ, अशी 'स्नॅप' नावाची सोय त्यात होती. 2017 मध्ये ती काढून टाकली गेली.

मर्म इथेच आहे. सिनेमा आणि खेळ एका डब्यात कोंबले म्हणून घर एकत्र येत नाही. तिथे फक्त नंबर लागतात. बाबांची मॅच संपेपर्यंत मुलगी ताटकळते, तिचा खेळ सुरू झाला की बाबा मोबाइल घेऊन आत जातात. शिवाय आज टीव्हीतच नेटफ्लिक्स असतं, आणि नसलं तर टीव्हीला लावायची तीन-चार वॅटची स्ट्रीमिंग स्टिक पुरते. त्यासाठी अनेक पट वीज खाणारा कन्सोल चालू ठेवणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं.

घराचा कन्सोल ही कल्पना या सगळ्यांहून जुनी. 1983 मध्ये जपानात निघालेल्या निन्टेन्डोच्या यंत्राचं नावच 'फॅमिली कॉम्प्युटर' होतं, आणि त्याला दोन कंट्रोलर कायमचे जोडलेले असत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'व्हिडिओ गेम' म्हणून घरोघरी आली ती त्याचीच नक्कल. त्यावर सिनेमा दिसत नव्हता, तरी 'कॉन्ट्रा'सारख्या खेळाला दुसरा हात लागे म्हणून शेजारचा मुलगा बोलावला जाई.

तेव्हा दुकानात गेलात की किती ॲप चालतात हे विचारू नका. एका टीव्हीसमोर बसून चौघांनी खेळायचे गेम किती आहेत ते विचारा, आणि दुसऱ्या कंट्रोलरची किंमत आधीच हिशेबात धरा.