पायच्या दशांश विस्तारातील अंकक्रम

वर्तुळाचा परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर असलेल्या पाय या संख्येचा दशांश विस्तार (३.१४१५९२६५…) कधीच संपत नाही. अंकांचा कोणताही क्रम घेतला तरी तो या विस्तारात कुठे ना कुठे सलग सापडेलच का, हा संख्या सिद्धांतातील एक अनिर्णित प्रश्न आहे. उत्तर होकारार्थी असावे असे बहुतेक गणितज्ञ मानतात, पण त्याची सिद्धता नाही, नकाराचीही नाही. लोकप्रिय लेखनात मात्र ‘पायमध्ये सगळे काही आहे’ हे विधान सिद्ध झाल्याच्या थाटात केले जाते.

प्रश्नाचे स्वरूप : येथे ‘कोणताही क्रम’ म्हणजे सांत क्रम. अनंत क्रमांबाबत उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. एखाद्या स्थानापासून पुढे केवळ शून्येच येत राहिली असती, तर पाय ही परिमेय संख्या ठरली असती. सांत क्रमांबाबतही दोन गुणधर्म वेगळे ठेवावे लागतात. प्रत्येक क्रम निदान एकदा तरी येणे हा एक. प्रत्येक क्रम त्याच्या लांबीला साजेशा वारंवारतेने येणे, म्हणजे प्रत्येक अंक एकदशांश वेळा, प्रत्येक दोन अंकी जोडी एकशतांश वेळा आणि असेच पुढे, हा दुसरा. दुसरा गुणधर्म असलेल्या संख्येला प्रसामान्य संख्या म्हणतात. तिच्यात पहिला गुणधर्म आपोआप येतो. उलट होत नाही.

विस्तार अनंत आहे आणि त्याची आवर्तने होत नाहीत, म्हणून त्यात सारे क्रम असलेच पाहिजेत, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. ०.१०१००१०००१००००१… या संख्येचा विस्तार अनंत आहे, अनावर्ती आहे, आणि त्यात २ हा अंकसुद्धा नाही. पाय अपरिमेय असल्याचे लॅम्बर्ट यांनी १७६१ मध्ये आणि ती बीजातीत (पूर्णांक सहगुणक असलेल्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे मूळ नसलेली) असल्याचे लिंडेमन यांनी १८८२ मध्ये सिद्ध केले. परंतु बीजातीत असल्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण लिऊव्हिल यांची प्रसिद्ध बीजातीत संख्या केवळ ० आणि १ या अंकांनी लिहिली जाते.

भास्कराचार्यांच्या किमती : भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात (११५०) परिघ काढण्यासाठी दोन किमती दिल्या आहेत : सूक्ष्म किंमत ३९२७/१२५० आणि व्यवहारासाठी स्थूल किंमत २२/७. अंकक्रमांच्या दृष्टीने या दोन्ही किमती उद्बोधक आहेत. सूक्ष्म किंमत ३.१४१६ एवढ्यावरच संपते. स्थूल किंमत ३.१४२८५७१४२८५७… अशी १४२८५७ या सहा अंकांची आवर्तने करत राहते. तिच्या दशांश भागात ०, ३, ६ आणि ९ हे अंक कितीही पुढे गेले तरी येत नाहीत. म्हणजे शाळेतल्या गणितात पायच्या जागी घातली जाणारी संख्या दहांपैकी चार अंक कायमचे वगळते. खुद्द पायच्या बाबतीत असे एखाद्या स्थानानंतर घडत नाही, हे आजही कोणी सिद्ध केलेले नाही.

गणनेतून मिळालेली माहिती : विल्यम शँक्स यांनी १८७३ मध्ये हाताने ७०७ स्थानांपर्यंत किंमत काढली. त्यांच्या आधीच्या ६०७ स्थानांच्या विस्तारात ७ हा अंक अपेक्षेपेक्षा बराच कमी वेळा येतो, हे मदुराईत जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नजरेस आले होते. पुढे १९४५ च्या सुमारास फर्ग्युसन यांना शँक्स यांची गणना ५२८ व्या स्थानापासून चुकल्याचे आढळले. १९४९ मध्ये एनिॲक या संगणकावर २,०३७ स्थाने काढली गेली. त्या कामामागे अंकांच्या वाटणीची सांख्यिकीय तपासणी करण्याचा फोन नॉयमन यांचा हेतू होता.

जपानचे यासुमासा कानादा यांच्या गटाने २००२ मध्ये १.२४ लाख कोटी स्थाने काढली. त्यांतील पहिल्या एक लाख कोटी स्थानांत ८ हा अंक सर्वाधिक म्हणजे १,००,००,०७,९१,४६९ वेळा आणि ० सर्वांत कमी म्हणजे ९९,९९,९४,८५,१३४ वेळा येतो. प्रत्येकी दहा हजार कोटी ही अपेक्षा धरली, तर यादृच्छिक अंकांत जेवढी तफावत पडावी तेवढीच ही आहे. २०२४ मध्ये गणना २०२ लाख कोटी स्थानांवर आणि पुढच्या वर्षी ३०० लाख कोटींवर गेली. या विक्रमांसाठी वापरले जाणारे चुडनॉव्स्की बंधूंचे सूत्र रामानुजन यांच्या १९१४ च्या मालिकांच्याच जातीचे आहे.

ठरावीक लांबीचे सगळे क्रम कुठवर पुरे होतात, याची उत्तरे गणनेने निश्चित मिळाली आहेत. दहाही अंक पहिल्या ३२ स्थानांत येऊन जातात (शून्याला सर्वांत उशीर होतो). सर्व दोन अंकी क्रम ६०६ स्थानांत, चार अंकी ९९,८४९ स्थानांत, सहा अंकी १,४१,१८,३१२ स्थानांत आणि दहा अंकी सुमारे २४,१६४ कोटी स्थानांत पूर्ण होतात. त्यामुळे मुंबई जीपीओचा ४००००१ हा पिनकोड असो की भंडारा जिल्ह्यातील चिखला या मँगनीज खाणीच्या गावाचा, तो पहिल्या दीड कोटी स्थानांत आहे, हे अनुमान नसून तपासलेले सत्य आहे. भारतातील प्रत्येक मोबाइल क्रमांकाबाबतही तसेच म्हणता येते. शंभर अंकी क्रमांबाबत असे काही म्हणता येत नाही. ७६२ व्या स्थानापासून सलग सहा ९ येतात, या गोष्टीला लोकप्रिय पुस्तकांत फार महत्त्व दिले जाते. संख्या सिद्धांतात तिला काही महत्त्व नाही.

कापरेकर आणि अंकाधारित गुणधर्म : डहाणू येथे जन्मलेले आणि १९३० ते १९६२ या काळात देवळालीत शाळाशिक्षक असलेले द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी पायवर काम केले नाही, तरी त्यांच्या कामाची येथे तुलना उपयोगी ठरते. चार अंकी संख्येतील अंक (सगळे सारखे नसावेत) उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवले. पायचे पहिले चार अंक घेतले, तर ४३११ − ११३४ = ३१७७, ७७३१ − १३७७ = ६३५४, ६५४३ − ३४५६ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४; म्हणजे पाचव्या पायरीला काम संपते. येथे एकूण संख्याच दहा हजारांच्या आत असल्याने सगळ्या तपासल्या की सिद्धता झाली. पायच्या प्रश्नात तपासून हाताला लागते ती नेहमी केवळ सुरुवात. २२/७ मधील १४२८५७ ही स्वतः कापरेकर संख्या आहे : तिचा वर्ग २०४०८१२२४४९ आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

असे गुणधर्म संख्येचे नसून ती दशमान पद्धतीत लिहिण्याचे आहेत, म्हणून व्यावसायिक गणितज्ञांनी कापरेकरांच्या कामाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. मार्टिन गार्डनर यांच्या १९७५ मधील लेखानंतर त्यांचे नाव जगभर झाले. तोच आक्षेप पायच्या अंकांवरही घेता येतो, हे मात्र क्वचितच बोलले जाते. प्रसामान्यताही संख्या लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असू शकते : कॅसल्स (१९५९) आणि श्मिट (१९६०) यांनी एका आधारात (उदा., द्विमान पद्धतीत) प्रसामान्य पण दुसऱ्यात नसलेल्या संख्या असतात हे सिद्ध केले आहे.

सैद्धांतिक निष्कर्ष : एमिल बोरेल यांनी १९०९ मध्ये दाखवले की यदृच्छेने निवडलेली वास्तव संख्या प्रसामान्य असण्याची संभाव्यता १ आहे. तरीही ठरावीक संख्या हाती घेऊन तिची प्रसामान्यता सिद्ध करणे अतिशय अवघड असते. ज्यांच्याबाबत ते साधले आहे, त्या बहुतेक त्याच हेतूने रचलेल्या आहेत. चॅम्परनाउन यांची १९३३ मधील ०.१२३४५६७८९१०१११२… ही संख्या त्यांतली सर्वांत सोपी. सर्व पूर्णांक ओळीने लिहिल्यामुळे तिच्यात प्रत्येक क्रम असणे उघडच आहे.

पायबाबत सिद्ध झालेले फार थोडे आहे. अपरिमेय असल्याने निदान दोन अंक अनंत वेळा येतात. ते कोणते, हे सांगता येत नाही. ७ हा अंक अनंत वेळा येतो की नाही, हेही माहीत नाही. पायचे परिमेय संख्यांनी किती जवळून सन्निकटन होऊ शकते, याविषयीच्या मालर यांच्या १९५३ च्या निष्कर्षात सुधारणा होत झाइलबर्गर आणि झुडिलिन यांच्या २०२० च्या कामातून एक मर्यादा मिळते : पुरेशा दूरच्या कोणत्याही स्थानानंतर सलग येणाऱ्या शून्यांची संख्या त्या स्थानाच्या क्रमांकाच्या सुमारे ६.१ पटींहून जास्त नसते. गणनेत प्रत्यक्ष दिसणाऱ्या वर्तनापुढे ही मर्यादा अगदीच ढिली आहे, पण सिद्ध झालेले एवढेच.

१९९५ मध्ये बेली, बॉरवाइन आणि प्लूफ यांना मिळालेल्या सूत्राने पायचा षोडशमान पद्धतीतील कोणताही अंक आधीचे अंक न काढता मिळतो. त्यावरून बेली आणि क्रँडल यांनी २००१ मध्ये प्रसामान्यतेचा प्रश्न एका गतिकीय प्रणालीविषयीच्या गृहीतकाशी जोडला. ते गृहीतक खरे ठरले, तर पाय द्विमान पद्धतीत प्रसामान्य ठरेल. दशमान विस्ताराविषयी त्यातून काही निष्पन्न होत नाही.

तर्कशास्त्रातील स्थान : ०१२३४५६७८९ हा क्रम पायमध्ये आहे किंवा नाही, या दोहोंपैकी एक खरे असलेच पाहिजे का, असा प्रश्न उभा करून ब्रौवर यांनी विकल्पनिषेधाच्या नियमावर आक्षेप घेतला होता. १९९७ मध्ये हा क्रम १७,३८,७५,९४,८८० व्या स्थानापासून सापडला. उदाहरण बाद झाले, पण आक्षेपाला धक्का लागला नाही. अधिक लांब क्रम घेऊन तो पुन्हा मांडता येतो.

माहितीसाठ्याविषयीचा समज : पाय प्रसामान्य असेल, तर अंकांत रूपांतरित केलेली ज्ञानेश्वरीही, तिच्या सुमारे नऊ हजार ओव्यांसह, पायच्या विस्तारात कुठेतरी असेल, आणि प्रत्येक ओवीत एकेक अक्षर चुकलेल्या तिच्या असंख्य प्रतीही असतील. त्यांतून शुद्ध प्रत मिळवायची तर तिचे स्थान सांगावे लागेल, आणि त्या स्थानाचा क्रमांक साधारणपणे मूळ मजकुराएवढाच लांब निघेल. साठवणुकीत त्यामुळे काहीच वाचत नाही.

इतर संख्या : ई (e) ही संख्या, २ चे वर्गमूळ आणि २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम यांची प्रसामान्यताही सिद्ध झालेली नाही.